मुंबईचा प्लेग आणि एडिंबराचं गणित

साथरोगांच्या गणितावरचं पाठ्यपुस्तक उघडलं, की विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांच्या १९२७ सालच्या निबंधाशी गाठ पडतेच. त्यात प्रत्यक्ष साथीचा म्हणून जो आलेख आहे, तो आपल्या मुंबईचा. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसं दगावली, हे त्यात टिंबांनी दाखवलंय. त्या टिंबांमधून गणिताची वक्ररेषा इतकी चपखल जाते, की पाहताना थक्क व्हायला होतं.

मॅकेंड्रिक हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याने बरीच वर्षं काम केलं होतं. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये एडिंबराच्या प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्याची दृष्टी गेली. निबंधातली ती रेषा त्याने कधी पाहिलीच नाही.

दोघांनी विचारलेला प्रश्न जुनाच होता: साथ का ओसरते? लागण होण्याजोगं कुणी उरत नाही म्हणून, की जंतूंचा जोर कमी होतो म्हणून? त्यांचं उत्तर तिसरंच निघालं. लागण होऊ शकेल असे, लागण झालेले आणि बरे झालेले किंवा दगावलेले, असे लोकांचे तीन गट करा. नवी लागण पहिल्या दोन गटांच्या गुणाकारावर ठरते. पहिला गट एका मर्यादेखाली आला, की एका रुग्णामागे सरासरी एकाहून कमी नवे रुग्ण होतात. साथ विझते आणि पुष्कळ माणसं लागण न होताच सुटतात. हा शोध फार मोठा आहे. लसीकरणाचं आजचं गणित याच मर्यादेवर उभं आहे.

मुंबईच्या आलेखाबद्दल मात्र मला शंका आहे. त्यांच्या सूत्राप्रमाणे सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, मृत्यूंचा आकडा ८९० वर पोचतो. सगळे आठवडे मिळवले तर बेरीज होते सुमारे ८,९००. शहराची वस्ती तेव्हा जवळपास दहा लाख. शंभरातलं जेमतेम एक माणूस गेल्यावर साथीला माणसं कमी कशी पडतील?

खरी साथ उंदरांची होती. परळच्या प्रयोगशाळेत त्याच सुमारास प्लेग आयोगाची माणसं शहरातून गोळा केलेले उंदीर फाडून तपासत होती. आधी गटारातले उंदीर मरत, मग घरातले, आणि नंतर उपाशी पिसवा माणसांकडे वळत. उन्हाळा कडक झाला, की पिसवा घटत. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे, हे केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनीही निबंधात मान्य केलंय; वाचणारे ते वाक्य सोडून देतात. २०१२ मध्ये फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनी दाखवून दिलं, की मुंबईत प्लेग वर्षानुवर्षं ठरावीक ऋतूत चढत-उतरत होता, आणि मूळ प्रतिमानात ऋतूला जागाच नाही.

तेव्हा हा आलेख वर्गात शिकवायचा असेल, तर एकाच हंगामाचा तुकडा दाखवून भागणार नाही. त्याच्या आगेमागच्या वर्षांचे मृत्यू आणि परळला झालेल्या उंदरांच्या नोंदी एकत्र मांडून मगच ती रेषा काढायला हवी.