सिकलसेल आणि डीएनएमधला ‘सर्च’: प्रोटीन नेमकी जागा कशी शोधतं?

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमाजवळ सिरोंचा आहे. या पट्ट्यात सिकलसेल हा शब्द कुणाला नवा नाही. पण एक गोष्ट माहीत आहे का? सिकलसेल घेऊन जन्मलेलं बाळ पहिले काही महिने ठणठणीत असतं. त्रास साधारण सहा महिन्यांनंतर सुरू होतो. असं का?

दोन प्रकारचं हिमोग्लोबिन

आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर ते हळूहळू बंद होतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन सुरू होतं. सिकलसेलची चूक या दुसऱ्या प्रकारात असते. जीनमध्ये फक्त एक अक्षर बदललेलं, ‘ए’च्या जागी ‘टी’. तेवढ्यानं लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात.

मग पहिलं हिमोग्लोबिन बंद कोण करतं? बीसीएल११ए नावाचं प्रोटीन. ते पेशीच्या केंद्रकात काम करतं.

हे प्रोटीन डीएनए वाचतं कसं?

त्याला ‘झिंक फिंगर’ म्हणजे जस्ताची बोटं असतात. एक बोट म्हणजे साधारण ३० अमिनो आम्लांची घडी. मध्ये जस्ताचा एक अणू ही घडी घट्ट धरून ठेवतो. तो काढला तर बोटाचा आकारच मोडतो.

डीएनए ही पिळलेली शिडी आहे. पिळामुळे बाजूला एक रुंद खाच तयार होते आणि तिथून अक्षरांच्या कडा दिसतात. बोटाचा टोकाचा भाग या खाचेत बसतो आणि अक्षरं चाचपतो. शिडी उघडावी लागत नाही. एक बोट साधारण तीन अक्षरं ओळखतं. बोटं शेजारी-शेजारी असल्यानं मोठा शब्द वाचता येतो. बीसीएल११ए ‘टीजीएसीसीए’ हा सहा अक्षरांचा शब्द शोधतं, हे २०१८ मध्ये स्पष्ट झालं.

आता तुम्ही म्हणाल, ३०० कोटी अक्षरांत हा शब्द लाखो वेळा येत असेल! बरोबर. पण बहुतेक डीएनए घट्ट गुंडाळलेला असतो. जो भाग उघडा असतो, तिथेच हा ‘सर्च’ चालतो.

याचा फायदा काय?

काही लोकांमध्ये जन्मतःच नेमका हा शब्द बिघडलेला असतो. प्रोटीनला धरायला जागा मिळत नाही आणि बाळपणीचं हिमोग्लोबिन आयुष्यभर चालू राहतं. त्यांना काही त्रास होत नाही! यावरूनच उपचाराची दिशा मिळाली. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली कॅसजेवी ही थेरपी क्रिस्पर वापरून रक्तपेशींमध्ये बीसीएल११ए कमी करते.

अडचण किमतीची आहे. अमेरिकेत ती सुमारे २२ लाख डॉलर आहे. सिरोंच्यातल्या रुग्णासाठी आज उपयोगी आहे ती हायड्रॉक्सीयुरियाची गोळी. तीही बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते. मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

तुम्ही काय कराल?

वाहक व्यक्तीला सहसा त्रास जाणवत नाही. पण आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्न ठरण्याआधी रक्ततपासणी नक्की करून घ्या. एका अक्षराचा प्रश्न आहे, पण वेळेत कळलेलं बरं!