शिकवावयाचे की कागद रंगवावयाचे?

रोह्याशी नाते सांगणारे चिंतामणराव देशमुख 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. रोह्याचे वाणिज्य महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्याच आयोगाने 1994 साली महाविद्यालयांच्या मूल्यांकनासाठी 'नॅक' स्थापन केली. हेतू स्तुत्यच होता. समाजाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने कामाचा हिशेब दिला पाहिजे, याविषयी दुमत नाही. वाणिज्याच्या अध्यापकाने तर हिशेबास मुळीच भिऊ नये!

परंतु हिशेब कशाचा? सात निकषांखालील रकाने भरावयाचे, प्रत्येक व्याख्यानाचा अहवाल लिहावयाचा, छायाचित्रे जपावयाची! 2010 च्या नियमांनी अध्यापकाच्या संशोधनालाही गुण लावले. मग पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. मोठ्या शहरातील धनाढ्य व्यवस्थापनसंस्था या कामासाठी स्वतंत्र माणसे नेमू शकतात. तालुक्याच्या गावी मात्र शिकविणाराच कारकून होतो, आणि त्याचा वेळ जातो तो विद्यार्थ्यांच्या वाट्यातला.

त्याच 2010 साली पेणची अर्बन सहकारी बँक बुडाली. हजारो ठेवीदारांची आयुष्याची पुंजी अडकली. बँकेचा ताळेबंद कसा वाचावा, हे गावकऱ्यांना सोप्या मराठीत समजावून देणारा, गणेशमूर्तींच्या कारखान्यांचे अर्थकारण अभ्यासणारा अध्यापक या भागाची केवढी सेवा करील! विस्तारकार्याचा रकाना नॅकपाशी आहे. पण त्यात कार्यक्रमांची संख्या भरते, लोकांना आलेली समज भरत नाही.

आणि परीक्षकांचे काय? फेब्रुवारी 2025 मध्ये आंध्रातील एका संस्थेला अनुकूल श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून नॅकच्या पाहणी पथकातील सदस्यांना केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. परंतु श्रेणीला बाजारभाव येऊ शकतो, ही शंकाच व्यवस्थेला लांच्छनास्पद आहे.

श्रेण्यांऐवजी केवळ 'मान्य' वा 'अमान्य' ठरविण्याची नवी रीत 2024 साली जाहीर झाली. रीत बदलून भागणार नाही. रिक्त जागा भरा, कागदांचे काम कारकुनांकडे सोपवा, एकदा दिलेली माहिती पुन्हा मागू नका आणि विद्यार्थ्यांना काय आले ते त्यांनाच विचारा, एवढेच आमचे मागणे आहे. पेण-रोह्याची मुले शिकण्यासाठी महाविद्यालयात येतात. अहवालातील छायाचित्रांसाठी नव्हे!