कसब आणि छप्पर

१८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली केडगावला आणल्या, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न केवळ पोटाचा नव्हता. माहेर नाही, सासर नाही, मग या मुलींनी पुढे जगायचं कशावर? तिथल्या त्यांच्या मुक्ती सदनात शेती, दूधदुभतं, विणकाम, तेलघाणा शिकवला गेला आणि छापखानाही उभा राहिला. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल याच छापखान्यात, तिथल्या मुली-बायकांच्या श्रमातून छापलं गेलं. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनानं रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं ससून रुग्णालयात परिचारिका घडवल्या आणि शिकणाऱ्यांच्या राहण्याचीही सोय पाहिली. शिकणं, राहणं आणि खरं काम करणं या तिन्ही गोष्टींची सांगड हे या प्रयोगांचं बळ होतं. आज नेमकी तीच सुटली आहे.

बालगृहातल्या मुलीला अठरा पूर्ण होताच बाहेर पडावं लागतं. २०१५च्या बाल न्याय कायद्यात पुढच्या मदतीची तरतूद आहे. नियमांनुसार ती एकविसाव्या आणि अपवादात्मक स्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकते. पण ती बंधनकारक नाही. 'मिशन वात्सल्य' या सरकारी योजनेतून दरमहा ४,००० रुपये मिळाले, तरी मोठ्या शहरात खोलीचं भाडं, अनामत आणि जेवण त्यात कसं भागणार? म्हणून झटपट कसब शोधलं जातं. तीन महिन्यांच्या शिवणवर्गातून हाती येतं ते बहुधा फॉल-पिको आणि ब्लाउजची उसवण-शिवण. उलट बारावीनंतरचा जीएनएम हा परिचारिकेचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. अठराव्या वर्षी प्रवेश घेतला तरी तो एकविसाव्या वर्षी संपतो, आणि शाळेत उशिरा दाखल झालेल्या मुलीचं वय तर आधीच पुढे गेलेलं असतं. ज्या शिक्षणातून टिकाऊ पगार मिळतो, त्याच्या मध्यावरच तिचं छप्पर जाण्याची भीती असते.

इतका लांबलेला आधार मुलींना परावलंबी करेल, असा आक्षेप घेतला जातो. पण आईवडिलांच्या घरी राहून पदवी घेणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीला आपण परावलंबी म्हणत नाही. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: अनाथ मुलींनीच कारागिरी का शिकावी, पदवी का नाही? हा प्रश्न रास्त आहे. व्यवसाय शिक्षण ही त्यांच्या वाट्याला आलेली मर्यादा ठरता कामा नये. राज्यानं २०१८मध्ये शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांसाठी १ टक्का समांतर आरक्षण दिलं, ते याच दृष्टीनं मोलाचं आहे. मात्र त्या आरक्षित जागेसाठी अभ्यास करायलाही दोन-तीन वर्षं पोट भरावं लागतं आणि ते हातातल्या कसबावर भरता येतं. त्यामुळे अनुरक्षणगृहातला, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या निवासातला, मुक्काम वाढदिवसावर न ठरवता अभ्यासक्रम आणि त्यानंतरचं पहिलं वर्ष यांवर ठरवायला हवा. कोर्स निवडताना मुलीचा कल विचारावा, आसपासचे कारखाने आणि रुग्णालयं किती पगार देतात हे तिच्यासमोर मांडावं आणि खोली भाड्यानं घेताना पालकाच्या रकान्यात सही करायला जिल्हा बालसंरक्षण कक्षानं पुढे यावं.