परसातील टोमॅटो : जात ओळखावी कशी ?



आपल्या सभासदाला उसाच्या फडात उभे केले, की तो जात सांगतो. डोळा कसा, कांडे कसे, पाचट सुटते की चिकटून राहते, एवढे पाहिले की त्याचे काम झाले. पण त्याच सभासदाला परसातल्या टोमॅटोची जात विचारा, "लाल टोमॅटो" यापलीकडे उत्तर येत नाही. आम्हीही त्यातलेच, हे आधी कबूल करतो.

मागे एका वर्षी आम्ही न्हाणीच्या पाण्यावर वीसेक रोपे लावली. जाती दोन होत्या, एक सरळ आणि एक संकरित. खुणेच्या काट्या पोरांनी विटीदांडूला नेल्या. फळे छान लागली. त्यातल्या देखण्या फळांचे बी आम्ही धरले आणि शेजारी पुड्या बांधून दिल्या. पुढच्या साली कुणाकडे बारीक फळ, कुणाकडे चपटे, तर कुणाकडे लांबट ! "भाऊजी, बी कुठलं दिलंत ?" एवढेच शेजारच्या वहिनींनी विचारले, पण आमची मान खाली गेली. देखणी फळे संकरित झाडांची निघाली होती.

चूक झाली ती उसाच्या सवयीने. को ८६०३२ ची कांडी लावली, की को ८६०३२ च उगवतो. टोमॅटो मात्र बियांपासून येतो. सरळ जातीत बहुतेक फळधारणा त्याच फुलाच्या परागाने होते, म्हणून घरचे बी बरेचसे जातिवंत राहते. संकरित झाडाच्या बियांत आईबापांचे गुण फुटून निघतात. म्हणून बी धरण्याआधी जात ओळखली पाहिजे. खुणा पुढीलप्रमाणे पाहाव्यात.

१. आधी झाड पाहा. पुसा रुबी आणि पुसा अर्ली ड्वार्फ या दोन्ही दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेच्या जाती. 'इम्प्रूव्हड मीरुती' ही जात दोघींच्याही आईबापांपैकी एक. त्यामुळे दोघींची फळे चपटी, लाल व शिरा पडलेली असतात, आणि टोपलीत मिसळली तर फसगत होते. पण पुसा रुबीचे झाड वाढतच राहते, तर अर्ली ड्वार्फ बुटके राहते. फुलांच्या दोन घोसांमधली पाने मोजा. साधारण तीन पानांआड घोस येत असेल आणि शेंडा पुढे चालला असेल, तर ते वाढणारे झाड. एक-दोन पानांआड घोस येऊन शेवटी शेंड्यालाच घोस लागून वाढ थांबली, तर ते बुटके. पहिल्याला काठी व सुतळीचा आधार लागतोच, दुसऱ्याचे थोडक्यात भागते.

२. फळ हिरवे असताना पाहा. काही जातींत देठाजवळचा भाग गडद हिरवा असतो, तर काहींत फळ सगळीकडे सारखे फिके असते. रंग चढला की ही खूण पुसट होते. तेव्हा कच्च्या फळावरच नजर टाकावी.

३. फळ आडवे कापा. रोमा हे लांबट फळ. त्यात कप्पे थोडे, गर जाड आणि पाणी कमी. चपट्या, शिरांच्या फळात कप्पे जास्त व रस भरपूर. सार करायचे की कोशिंबीर, हे घरातल्या बाईला सुरी लावताच कळते. तिला विचारावे, लाजू नये.

४. रंग सगळ्यात शेवटी. राहुरी विद्यापीठाच्या धनश्रीचे फळ नारंगी, तर भाग्यश्रीचे लाल, गरदार व कमी बियांचे. पण उन्हाळ्यात तापमान ३० अंशांच्या वर गेले, की टोमॅटोतले लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही. मग लाल जातीची फळेही पिवळट-नारंगी दिसतात. वैशाखात नुसत्या रंगावरून जात ठरवाल, तर फसाल.

आता मुख्य मुद्दा. जात संकरित आहे की सरळ, हे फळ पाहून सांगता येत नाही. बंगळूरच्या संस्थेच्या अर्का रक्षक व अर्का सम्राट या दोन्ही जाती तीन रोगांना तोंड देतात. रक्षकचे फळ चौकोनी गोलसर, सम्राटचे किंचित चपटे ते गोल. पण दोन्ही संकरित, म्हणून दोघींचेही बी दर वेळी विकतच घ्यावे. ही माहिती फक्त पाकिटावर असते. पाकीट चुलीत घालू नका.

सरळ जातीचे बी धरायचे तर नुसते फळ निवडू नका, झाड निवडा. पाने आकसलेले वा रोगट झाड सोडा. चांगल्या झाडाला चिंधी बांधा. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर एक-दोन दिवस भांड्यात आंबवा, बी धुऊन सावलीत वाळवा आणि पुडीवर जात व साल लिहा.

ऊस नोंदीच्या वेळी जात आणि लागणीची तारीख आपण बिनचूक सांगतो. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर परसातल्या वाफ्यांचा नकाशा काढून ठेवा : कोणत्या ओळीत कोणती जात, सरळ की संकरित. काट्या पोरे नेतील, वही राहील. आम्ही यंदापासून तसेच केले आहे, आणि वहिनींकडे नव्या बियांची पुडीही पोचवली आहे. या खेपेस तिच्यावर जात लिहिलेली आहे.