पोर्तुगालने टाकलेला, गोव्याने राखलेला कायदा

समान नागरी कायद्याचा विषय निघाला की गोव्याचे नाव हटकून घेतले जाते, आणि ते घेऊन झाले की चर्चा पुढे सरकते. तेथील कायदा नेमका कोणता, तो आला कोठून आणि तो वाचतो कोण, हे विचारण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. त्याची समानता तशी निर्भेळ नाही. हिंदूंच्या रूढींसाठी १८८० साली आणि चर्चमधील विवाहांसाठी १९४६ साली पोर्तुगीज सरकारनेच फर्माने काढून वेगळ्या वाटा करून ठेवल्या. गोव्याच्या कायद्याचे खरे वैशिष्ट्य तो मिश्र आहे, यात आहे.

युरोप खंडात रोमन परंपरेतून आलेल्या पद्धतीत संहिता हाच कायदा असतो. न्यायाधीशाने कलम शोधावे आणि लावावे. इंग्लंडमध्ये मात्र निवाड्यावर निवाडा रचत कायदा घडला, आणि वरिष्ठ न्यायालयाचा निर्णय पुढच्या न्यायाधीशाला बांधून ठेवतो. ब्रिटिश अमलामुळे बहुतेक भारत या दुसऱ्या पंथाचा झाला. क्वेबेक, लुइझियाना, दक्षिण आफ्रिका, श्रीलंका येथे दोन्ही पंथ एकत्र नांदतात. तसाच एक संगम आपल्या शेजारी, पणजीच्या न्यायालयात रोज घडत असतो.

पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ मध्ये संसदेने कायदा करून, बदल होईपर्यंत तेथील जुने कायदे चालू ठेवले. पुढे पोर्तुगालनेच नवी संहिता आणली आणि १९६७ पासून जुनी बाजूला सारली. जनक देशात इतिहासजमा झालेली संहिता मांडवीच्या काठी जिवंत राहिली, ती अशी.

परंतु जिवंत राहिली ती एकटी नव्हे. करार, पुरावा, फौजदारी व्यवहार यांचे भारतीय कायदे तिच्या शेजारी येऊन बसले, आणि सीमेवर तंटे सुरू झाले. दावा किती मुदतीत लावावा, हा साधा प्रश्न घ्या. पोर्तुगीज संहितेतील मुदती दीर्घ, भारतीय मुदत कायद्यातील पुष्कळ आखूड. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संहितेतील मुदतींना मान्यता दिली. २००१ मध्ये एका बँकेच्या वसुलीच्या दाव्यात त्याच न्यायालयाने उलट निर्णय देऊन भारतीय कायदा लागू केला. दोन निवाड्यांमध्ये बावीस वर्षे गेली. या काळात कर्ज देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने कशावर विसंबावे?

२०१९ मध्ये प्रश्न मुंबईपर्यंत पोहोचला. गोव्याचा अधिवासी असलेल्या एका मृत व्यक्तीची मिळकत मुंबईत होती. तिला वारसा कोणत्या कायद्याने लागायचा? सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या संहितेच्या बाजूने कौल दिला. संसदेने चालू ठेवल्यामुळे ती परदेशी कायदा राहिलेली नाही, भारतीय कायदाच झाली आहे, हे त्यामागचे कारण. तर्क बिनतोड आहे. मात्र त्याचा अर्थ असा, की संहितेचे कलम काय म्हणते हे आता सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा ठरवणार. म्हणजे आशय एका पंथाचा आणि वाचण्याची रीत दुसऱ्या पंथाची.

ही रीत वकिलांना साधते. सामान्य माणसाचे काय? संहिता पोर्तुगीज भाषेत. तिच्यावरील थोर भाष्यकार कुन्य गोन्साल्विस हे गोव्याचेच, पण त्यांचे लेखनही पोर्तुगीजमध्येच. सरकारी इंग्रजी भाषांतर राजपत्रात यायला २०१८ साल उजाडावे लागले. मुक्तीनंतरची पिढी मराठी, कोंकणी आणि इंग्रजी शाळांत शिकली. तिच्या घरादारावर सत्ता चालत राहिली ती तिला न वाचता येणाऱ्या कलमांची.

आणि ती कलमे क्षुल्लक नाहीत. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची संपत्ती सामाईक होते, निम्म्या वाट्याची धनीण पत्नी असते, तिच्या सहीवाचून घर विकता येत नाही. मृत्युपत्र करूनही मुलांना निम्म्या मिळकतीपासून तोडता येत नाही, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. उर्वरित भारतातील स्त्रीला हेवा वाटावा अशी ही तरतूद. तरी वडील वारल्यावर मुलींकडून हक्कसोडपत्रे लिहून घेतली जातातच. ज्या मुलीला आपला वाटा ठाऊक नसतो, ती सही करून मोकळी होते.

वारशाचा भाग गोवा विधानसभेने नव्याने लिहिला. २०१२ चा तो कायदा २०१६ च्या अखेरीस अमलात आला, हे योग्यच झाले. परंतु विवाहाची नोंद अजून दोन टप्प्यांची आहे. निबंधकापुढे पहिली सही होते ती लग्नाच्या इराद्याची. हरकतींची मुदत संपल्यावर दुसरी सही होते, तेव्हा कायद्याने विवाह होतो. पहिलीलाच विवाह समजून संसाराला लागलेल्या आणि वाट्याची वेळ आली तेव्हा आपण पत्नीच नाही असे कळलेल्या स्त्रिया गोव्यात आहेत. पहिली सही घेतानाच निबंधकाने दुसरीची तारीख आणि तिचा अर्थ मराठीत किंवा कोंकणीत लिहून हाती द्यावा. एवढ्यासाठी संहितेतले एकही कलम बदलावे लागणार नाही.