उन्हात नीरेचं काय होतं?

मगनवाडी, वर्धा. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं हे मुख्य ठाणं होतं. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. संघानं इथून ताडगुळाचा, म्हणजे नीरा या ताडाच्या गोड रसापासून केलेल्या गुळाचा, हिरिरीनं प्रसार केला. या धंद्यातली खरी शर्यत असते तापमानाशी.

झाडावरून उतरलेल्या नीरेत साखर भरपूर असते आणि हवेतलं यीस्ट लगेच तिच्यात शिरतं. त्याची विकरं, म्हणजे एन्झाइम, साखरेचे तुकडे करतात आणि पुढे मद्यार्क बनवतात. तापमान १० अंशांनी वाढलं की विकरांचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून नीरा पहाटे, ऊन चढण्याआधी उतरवतात. पारा ४५ च्या पुढे नेणाऱ्या वर्ध्याच्या उन्हाळ्यात तर हे फारच गरजेचं. मडक्याला आतून चुना लावतात, त्यानेही आंबणं लांबतं.

वेग मात्र वाढतच राहत नाही. विकर हे प्रथिन आहे. फार तापलं की त्याची घडी विस्कटते आणि काम थांबतं, बहुधा कायमचं. कढईत उकळलेल्या नीरेचा गूळ टिकतो, त्यामागे हेही एक कारण आहे. बर्फात ठेवल्यानं विकर फक्त मंदावतं. त्यामुळे थंड नीरा विकत घेतली, तर ती थंड असतानाच पिऊन टाका.