वर्दी उतरली की कर बदलतो

मुरबाड एमआयडीसीतल्या कामगाराची पगारपावती पाहा. ‘पी.टी.’, म्हणजे व्यवसाय कर, म्हणून दरमहा 200 रुपये कापलेले, फेब्रुवारीत मात्र 300. वर्षाचे बरोबर 2,500! याहून जास्त घ्यायचे नाहीत, असं घटनेचं कलम 276 बजावतं. खरी गंमत त्याच कलमात आहे. शेतीबाहेरच्या उत्पन्नावरचा कर केंद्राचा, राज्यानं तिकडे फिरकायचं नाही. तरीही व्यवसाय कर हा उत्पन्नावरचा आहे एवढ्याच कारणानं तो रद्द ठरणार नाही, असं घटनेनंच लिहून ठेवलंय. म्हणजे राज्याचा आयकर आपल्याकडे नाही म्हणता म्हणता चिमूटभर आहेच की!

हा चिमूटभर कर महाराष्ट्राच्या 1975 च्या व्यवसाय कर कायद्यानं भूदल, नौदल आणि हवाई दलातल्यांना माफ केलाय. अट एकच, सेवा या राज्यात हवी. जवान मूळचा कुठला, हे कायदा विचारत नाही. देवळालीत नेमणुकीवर असलेला पंजाबी जवान सुटतो. शहापूरचा जवान लडाखला असेल तर हा कायदा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. अमेरिकेत नेमकं उलटं. तिथं लष्करी पगारावर नेमणुकीच्या राज्याला कर लावता येत नाही, सैनिकाच्या मूळ राज्याला येतो.

केंद्राचा आयकर मात्र आपला जवानही भरतो. परमवीर, महावीर किंवा वीर चक्र मिळालं असेल तर निवृत्तिवेतन करमुक्त.

आता तोच जवान निवृत्त होऊन गावी आला आणि एमआयडीसीत सुरक्षारक्षक म्हणून लागला, की त्याचेही 200 कापायला सुरुवात! ती माफी सेवेतल्या सैनिकाची होती, माजी सैनिकाची नव्हे. त्याच्यासाठी सवलत निघते ती घरपट्टीत. आधी ती शौर्यपदकधारक आणि सैनिकांच्या विधवा यांच्यापुरतीच होती. 2020 मध्ये राज्य सरकारनं ती सगळ्या माजी सैनिकांना लागू केली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला न्यायचा, सूट एकाच घराला.

इथं आणखी एक मेख आहे. व्यवसाय कर जमा होतो राज्याच्या तिजोरीत, घरपट्टी ग्रामपंचायतीच्या. माफी जाहीर केली मुंबईनं. रक्कम सोडायची नमुना 8 ची, म्हणजे घरपट्टी आकारणीची, वही सांभाळणाऱ्या ग्रामपंचायतीनं. ज्या गावात माजी सैनिकांची घरं जास्त, तिथं वसुलीला कात्रीही मोठी.